टपालाला निकामी, ओझ्याला चालेल

अठराव्या वर्षापासून मी रोज सूर्यनमस्कार घालतो. आता पन्नाशी उलटली, तरी खाडा नाही. अंगात ताप असला तर बारा, एरवी एकशे आठ, आणि आकडा वहीत मांडलेला. ज्याला स्वतःचे शरीर राखता येत नाही त्याने दुसऱ्याच्या कामात आडवे येऊ नये, असे माझे मत होते. जव्हारच्या कचेरीत कारकून असताना ते अमलात आणायची संधी मला मिळाली.

कचेरीचे टपाल मोखाड्याला पायी जाई. ते नेणारे सहा हरकारे होते. प्रत्येकाच्या पट्ट्यावर पितळी बिल्ला असे, आणि ज्या घरात बिल्ला त्या घराला वेठ माफ. कोणी अंमलदार फिरतीवर निघाला की पाड्यावरच्या माणसांनी त्याचे सामान फुकट वाहायचे, ती वेठ. घरचे पीक कापणीला आलेले असो नसो, बोलावणे आले की निघायचे. हरकाऱ्याच्या घराला तेवढी सुटका होती.

मी सूचना लिहून दिली की दरसाल हरकाऱ्यांच्या अंगबळाची परीक्षा घ्यावी. वरिष्ठांना ती पसंत पडली. जामसरच्या वाटेवर एक मोठा आंबा होता. वाळूची पिशवी पाठीवर घेऊन तिथवर जायचे, तिथल्या शिपायाकडून मनगटाला दोरा बांधून घ्यायचा आणि परत कचेरीत यायचे. किती वेळात, ते मी ठरवले. घड्याळही माझेच होते.

पाच जण धावत आले आणि आवारात आडवे झाले. सहावा सूर्यमाळचा, साठीला टेकलेला. तो बऱ्याच वेळाने आला, तोही चालत.

"म्हातारीला धाडायचंस," पडल्या पडल्या एक जण म्हणाला. "ती तरी येळेवर आली असती."

सगळे हसले. मीही हसलो.

"धावला का नाहीस?" मी विचारले.

"टपाल काय आंब्यापाशी थांबतं, भाऊसाहेब? ते मोखाड्याला जातं. आंब्यापर्यंत धावला तो घाटात बसतो. मी लांबची चाल चाललो."

त्याला दम लागलेला नव्हता. ते मी पाहिले होते. पण यादीत दमाचा रकाना नव्हता, वेळेचा होता. मी त्याच्या नावापुढे 'निकामी' लिहिले.

त्याने बिल्ला लगेच काढला नाही. "घरात आमी दोघंच," तो म्हणाला. "मी वेठीला गेलो तर नागली कोण कापंल?"

"ते कचेरीने पाहायचे नसते," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

नागली पिकली त्याच सुमारास आमची फिरती मोखाड्याला गेली. परतीच्या ओझ्यासाठी सूर्यमाळच्या पाड्यांवरून माणसे हवी होती. वेठीची यादीही मीच करत असे. बिल्ला गेला म्हणजे माफी गेली, म्हणून त्याचे घर नव्याने यादीत आले होते. तो हजर झाला. त्याच्या वाट्याला माझे सामान आले. त्यात मुद्गलांची जोडी होती, कारण फिरतीवरही मी व्यायाम चुकवत नसे.

"यानं काय कांडता?" त्याने मुद्गल उचलून विचारले.

"काही नाही. फिरवायचे आणि खाली ठेवायचे."

"कांडायचं नाय, फोडायचं नाय?"

"अंग चांगले राहते."

"मग तुमीच न्या की," मागून कोणीतरी म्हणाले. "अजून चांगलं राहील."

शिपायाने त्या माणसाच्या पाठीत काठी घातली. म्हाताऱ्याने कावडीच्या दोन टोकांना दोन मुद्गल बांधले आणि तो चालू लागला. ही त्याची पूर्वीची, टपालाची वाट होती. पहिल्या चढालाच तो दिसेनासा झाला. मी रिकाम्या हाताने चाललो होतो, आणि दोनदा बसलो.

जव्हारला पोचलो तेव्हा तो कचेरीच्या आवारात तंबाखू मळत बसला होता. मुद्गल भिंतीला नीट टेकवून ठेवले होते.

"भाऊसाहेब," तो उठून म्हणाला, "एक काय ते लिवा. मी निकामी असलो तर वेठीतून काढा. धडधाकट असलो तर बिल्ला द्या."

"त्या याद्या वेगळ्या आहेत."

"माणूस तर एकच हाय."

मी त्याला जायला सांगितले. एका यादीतले 'निकामी' खोडले असते तर बिल्ला परत मिळून वेठही सुटली असती, हे मला तेव्हाही कळत होते. पण परीक्षा माझी होती, आणि ती चुकीची ठरवायची नव्हती. वेठीच्या यादीत मात्र मी त्याच्या नावापुढे 'चांगला चालतो' असे लिहिले. त्यामुळे पुढच्या प्रत्येक फिरतीला पहिले बोलावणे त्यालाच जाऊ लागले. त्या वर्षी त्याची अर्धी नागली रानडुकरांनी खाल्ली, असे कानावर आले. म्हातारी एकटीच कापत होती. पुढची चार वर्षे तो येत राहिला. कधी उशीर केला नाही, कधी काही फोडले नाही, आणि पुन्हा काही मागितलेही नाही.

पाचव्या वर्षी फिरतीच्या मुक्कामावरून बोलावणे घेऊन गेलेला माणूस एकटाच परत आला. म्हातारा अंथरुणाला खिळला होता, कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागत होता. मी त्याचे नाव खोडले.

"घरात आणखी कोण आहे?"

"म्हातारी."

मुक्कामावर भात कांडायला दोन बायका कमी पडत होत्या. मी तिचे नाव त्यांत घातले.

"ती हितं आली तर त्याला पाणी कोण पाजंल?" बोलावणे नेणाऱ्याने विचारले.

मुक्काम दोनच दिवसांचा आहे, असे मी त्याला सांगितले आणि तिला आणायला परत पाठवले.