समर कोर्समधले तीन दिवस

मुलगी गणित घेऊन बी.एस्सी. करत होती. शेवटच्या वर्षी सगळे विषय सुटले, एक राहिला. मल्टीवेरिएबल कॅल्क्युलस. तेव्हा मला हे नाव धड म्हणता येत नव्हतं. आता न अडखळता लिहिते. उपयोग काही नाही.

ज्यांचा विषय राहिला त्यांच्यासाठी विद्यापीठाने समर कोर्स ठेवला होता. मे-जूनचे सहा आठवडे, रोज सकाळी आठ ते अकरा, शेवटी परीक्षा. पास झाली की डिग्री आणि एम.एस्सी.चा फॉर्म. ह्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "ह्या उन्हाळ्यात सुटला तर पुढे शीक. नाहीतर ग्वाल्हेरच्या लोकांना मी होकार कळवतो." ग्वाल्हेरचं स्थळ संक्रांतीपासून थांबलेलं होतं. कोर्सचा नियम एकच. तीन खाडे चालतील, चौथा झाला तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

आमचं घर रामघाटाच्या गल्लीत. हे यजमानांची कृत्यं करतात. महाराष्ट्रातून लोक काशीला येतात, पिंडदान करतात आणि जेवायला आमच्याकडे असतात. शाळांना सुट्ट्या लागल्या की सगळे एकदम येतात. स्वयंपाक सोवळ्यातला, तो घरच्या बाईनेच करायचा. घरात बायका तीन: मी, मुलगी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई. वन्संना गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभं राहवत नाही, पण त्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि तिथून त्यांना सगळं दिसतं. पहिल्या पंधरवड्यातच दोन मोठ्या पंगती झाल्या. मला एकटीला उरकेना, म्हणून मुलीचे दोन खाडे पडले.

संध्याकाळी आम्ही दोघी घाटावर जायचो. एकदा मी तिला विचारलं, रोज तीन तास शिकवतात तरी काय.

"आई, ह्या पायरीवरून सीधी चालत जा, भोसले घाटाकडे. वर गेलीस की खाली?"

"वर नाही, खाली नाही. होते तिथेच."

"आता नदीकडे उतर."

"खाली गेले."

"बस, एवढंच. कुठल्या दिशेला चाललं तर उंची किती बदलते ते काढायचं. एका दिशेने चालायचं, दुसरी रोखून ठेवायची."

"आणि तिरकं उतरलं तर?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अगं, हा तर पुढच्या हफ्त्याचा धडा आहे. तुला कुणी सांगितला?"

चौथीनंतर मला शाळेतून काढलं, धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पायरीवर बसून पहिल्यांदा वाटलं. ते तेव्हा तरी वाटायला नको होतं.

जूनमध्ये अकरा माणसांचं एक कुटुंब आलं, पाच दिवसांसाठी. दोन दिवस मी एकटीने ओढले. तिसऱ्या दिवशी पहाटे उठले तर पाळी आलेली. आमच्याकडे पाळीत बाई बाजूला बसते, चार दिवस ओट्याला हात लावत नाही. मुलगी दप्तर भरत होती. तिला हळूच सांगितलं.

ती म्हणाली, "आई, कुणाला सांगू नकोस. न्हा आणि स्वयंपाकाला लाग."

"अगं, पितरांचं अन्न आहे."

"पितरांना काय पता चलणार आहे? आणि चललं तरी ते हाजिरी घेत नाहीत. माझा एकच खाडा उरलाय, आई. एकच."

मला सगळा हिशेब कळत होता. यजमान अजून तीन दिवस होते. मी गप्प राहिले असते तर काहीच बिघडलं नसतं, आणि गप्प राहण्याची तर मला जन्माची सवय. सासरी येऊन बावीस वर्षं झाली, कुठल्याच गोष्टीवर माझं मत कुणी ऐकलेलं नाही, कारण मी ते सांगितलेलंच नाही.

तेवढ्यात वन्संनी हाक मारली, "काय गं, अजून न्हाली नाहीस?"

मी म्हणाले, "वन्सं, मी बाजूला बसले."

तोंडातून शब्द इतका पटकन गेला की माझाच मला राग यायला वेळ मिळाला नाही.

हे घाटावर निघाले होते. मुलगी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तीन दिवस कुणाला तरी बोलवा स्वयंपाकाला."

"बाहेरची बाई यजमानांना कशी चालेल? तीनच दिवसांचा प्रश्न आहे. तुमच्या सरांना सांग, घरी अडचण आहे."

"काय सांगू बाबा? नेमकी कोणती अडचण?"

ह्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि पायऱ्या उतरले. वन्सं म्हणाल्या, "बापाशी असं बोलतात का? गणिताने हेच शिकवलं वाटतं."

तिने दप्तर खुंटीला लावलं, न्हाली, सोवळं नेसली. तीन दिवस अकरा माणसांचं रांधलं. मी कोपऱ्यात चटईवर बसून तिला सांगत होते, वरणात हिंग घाल, भात उतरव, पुरणाला विलायची राहिली. त्या तीन दिवसांत मी जितकं बोलले तितकं वर्षात बोलत नाही. ती सांगितलेलं सगळं करत होती, माझ्याकडे न बघता.

चौथ्या दिवशी ती वर्गात गेली. सर भले होते. "नियम तो नियम है बेटा," एवढंच म्हणाले. परीक्षेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ग्वाल्हेरला त्याच आठवड्यात होकार गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिच्या हातांवरची मेंदी सोडवत होते. तेव्हा ती म्हणाली, "आई, तू एरवी तर कधीच बोलत नाहीस." रागाने नाही, नुसतं सांगितलं. मी तिचा दुसरा हात तेल लावायला घेतला.

त्यानंतर मी पाळी आल्याचं घरात सांगत नाही. न्हाते, सोवळं नेसते, ओट्यापाशी उभी राहते. वन्संना वाटतं, माझं वय झालं, गेली असेल. दिवा विझत नाही, दूध नासत नाही. मागच्या महिन्यात साताऱ्याकडचं एक कुटुंब जेवायला होतं आणि माझा दुसरा दिवस होता. त्यातल्या आजी भात कालवत म्हणाल्या, "एवढं सोवळं आता गावातसुद्धा राहिलं नाही हो." वन्संनी खुर्चीवरून मान हलवली. मी आजींच्या पानात आणखी वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी हे घाटावर गेल्यावर मुलीला फोन केला. कालचं तिला सांगावंसं वाटलं. का वाटलं ते माहीत नाही. माफी मागायची असती तर तशी मागितली असती. सगळं सांगून झालं. पलीकडे तिच्या कुकरची शिटी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

मग म्हणाली, "वरणात हिंग घातलं होतंस ना?"

मी म्हणाले, "हो."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.