एका पाटाचे दोन धनी

देवळ्याजवळच्या एका गावात लंकाबाईंचा कांदा पाटाच्या शेवटाला होता, आणि त्यांच्या वरच्या अंगाला कारभारी आहेरांचा. नवरा गेल्यापासून शेत बाईच सांभाळत, आणि शेताबरोबर कारभारींवरही डोळा ठेवत. कारण बाईंच्या पाळीला पाणी येई ते करंगळीएवढं, आणि वर ते कारभारीच फोडतात असा त्यांचा संशय. कारभारी "राम राम वहिनी" म्हणून समोरून गेले, की त्यांच्या पायांना चिखल लागलाय का, हे बाई आधी बघत.

एकदा नात वेदिका ओट्यावर कॉलेजचं इंग्रजी वाचत बसली होती. म्हणाली, "आजी, रायव्हल म्हणजे काय, माहितीय?"

"क्रिकेटवाले म्हणत्यात ते? वैरी."

"प्रतिस्पर्धी. पण शब्द लॅटिनमधून आलाय. तिथं मुळात अर्थ होता, एकाच ओढ्याचं पाणी घेणारा शेजारी."

मेथी निवडणारा हात थांबला. "म्हंजे तिकडंबी पाट फोडत व्हते."

"फोडत असतील. पण आपलं पाणी कारभारीबाबा घेत असतील, तर त्यांचा कांदा जोरात असेल ना?"

बाईंनी कारभारींचे पाय बघितले होते, कांदा कधी बघितलाच नव्हता.

दुपारी पाळी बाईंचीच होती. बांधानं त्या वर गेल्या. कारभारींच्या कांद्याची पात शेंड्याला करपलेली, वाफ्यांची तोंडं नीट बुजवलेली. म्हणजे पाणी इथंही मुरत नव्हतं. मग पाणी जातंय कुठं? तेवढ्यात जांभळीखाली उकिडवे बसलेले कारभारी दिसले.

"इथं काय करताय, भाऊ?"

"तुमच्यावर नजर ठेवतोय," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याबी पाळीला पाणी येत नाय. वाटलं, वर जाऊन तुम्हीच वळवता."

मग पाटाच्या कडेनं दोघं वर निघाले, एकमेकांना पुढं जाऊ न देता. पाट निघतो त्या बंधाऱ्याजवळच्या वळणावर गवत फारच हिरवंगार दिसलं. कारभारींनी ते फावड्यानं बाजूला सारलं. खेकड्यांनी काठ पोखरला होता, आणि त्या भगदाडातून पाणी नाल्यात पळत होतं.

बाईंनी दगड आणून दिले, कारभारींनी माती चोपली. पाटात पाणी चढू लागलं. परत निघताना लंकाबाई वाटेतून बाजूला झाल्या.

"तुम्ही पुढं चला, भाऊ. मी मागून येते."

कारभारींनी एकवार त्यांच्याकडं पाहिलं, हसले, आणि पुढं झाले.