पळसाची डहाळी

"माणूस लबाड बोलंल, डहाळी न्हाई बोलत." रानात वाटेला फाटा फुटला की मामा हे म्हणायचाच. मग पळसाची ओली डहाळी मोडून बंद पडलेल्या वाटेवर आडवी ठेवायचा, वर दगड. मागून येणाऱ्यानं त्या वाटेला जायचं नाही, हा आम्हा पायी फिरणाऱ्यांचा कायदा.

तुम्ही म्हणाल, मामा म्हणजे आईचा भाऊ. छे! कळमनुरीतला आमचा शेजारी. तोही कासार, आम्हीही कासार. निजामाचं राज्य होतं, डोंगरातल्या गावांना गाडीवाट नव्हती. बांगड्यांचा पेटारा घ्यायचा नि चालत सुटायचं. वडील गेल्यावर मला या धंद्यात चालायला शिकवलं ते यानंच. बायांना बांगडी चढवताना तो असा बडबडायचा, की बाई कळ विसरून हसायची. मला तर तो बापाच्या जागी होता, खोटं कशाला सांगू!

डोंगरातलं एक गाव माझ्या वडिलांचं. म्हणजे तिथल्या बायांना बांगड्या भरायचा मान आमचा. तिथल्या पाटलाच्या पोरीचं लग्न निघालं. आमच्यात रीत अशी, की पाटलाघरच्या नवरीचा हिरवा चुडा ज्याच्या हातचा, पुढं ते गाव त्याचं.

"चुडा चुकवू नको, लेकरा," मामानंच बजावलं. "मी पुढं जातो, वाट बघून ठेवतो. तू सावकाश ये."

फाट्यावर पोचलो तर जवळच्या वाटेवर डहाळी, वर दगड. ती वाट माझ्या पायाखालची होती, पण डहाळी म्हणजे डहाळी. दरड कोसळली असेल म्हणून लांबच्या वाटेनं दरी उतरलो, पुन्हा चढलो. गावात शिरेपर्यंत उन्हं कलली. मांडवात नवरीचे दोन्ही हात हिरवेगार भरलेले.

"आता येऊन राहिला व्हय?" पाटलीणबाई म्हणाल्या. "तुला ताप भरलाय, येत न्हाई, म्हणले तुजे मामा. त्यांनीच भरला चुडा."

मामा पंगतीत बसला होता. "काहून रे उशीर?"

"जवळच्या वाटेवर डहाळी होती, मामा."

"वाऱ्यानं पडली असंल."

"वाऱ्यानं दगड बी ठेवला व्हय?"

त्यानं भातावर वरण वाढून घेतलं आणि कालवत बसला.

परतताना मुद्दाम त्या जवळच्या वाटेनंच उतरलो. वाट साफ होती. फाट्यावर बसून ढसाढसा रडलो. गाव गेलं ते गेलंच, पण मेल्यानं तोंडानं फसवलं असतं तर इतकं लागलं नसतं. त्यानं मला डहाळीनं फसवलं!

पुढं म्हातारा होऊन मामा गेला. मी खांदा दिला. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही मला रागच आला.

त्या फाट्यावर अजून कुणी ना कुणी डहाळी ठेवतंच. सोबतचे बिनबोभाट दुसऱ्या वाटेला वळतात. मी मात्र पेटारा खाली ठेवतो आणि डहाळी ओलांडून आत जाऊन बघून येतो.

वाट बंदच असते. दर वेळी.