जुबेदाचं दुसरं कार्ड

नवरा कुवेतला आणि बायको रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, असा जुबेदाचा एकवीस वर्षं संसार चालला. पण एका छपराखाली राहणारी नवरा-बायको बोलत नसतील एवढं ती दोघं बोलायची. तेही माझ्या दुकानात.

मी बायजाबाई. रोह्याला पुलाजवळ माझं किराणा दुकान. जुबेदा सामान घ्यायची आणि डेबिट कार्ड मशीनला लावायची. खातं दोघांचं, पण बँकेत मोबाईल नंबर नवऱ्याचा, शरीफभाईचा. इथं पैसे कापले की तिथं मेसेज. जेवणाच्या सुट्टीत असला तर लगेच फोन यायचा.

"तीनशे चाळीस? काय घेतलंस गो?"

"तुला काय करायचंय? तिथवर वास येणार हाय?"

असं म्हणायची आणि मग शेवयांपासून खोबरेलापर्यंत सगळं सांगायची. मी मधेच ओरडायची, "अहो शरीफभाई, बायकोवर पहारा ठेवताय काय?"

तो हसायचा. "पहारा नाय, बायजाबाई. घरात काय शिजतंय ते कळतं. तेवढंच चार घास जास्त जातात."

माझा नितेश पेणला एका बँकेत कामाला. त्याच्या डोक्यावर क्रेडिट कार्डांचं टार्गेट. रोज तोंड पाडून घरी यायचा. शेवटी माझी जीभ वळवळली. जुबेदाला म्हटलं, "डेबिटवर आताचे पैसे आताच जातात. क्रेडिटवर पंचेचाळीस दिवस वापर, मग भर. वर पॉइंट मिळतात. कार्ड हरवलं तरी खात्यातली रक्कम सलामत." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण मी काय तिच्या भल्यासाठी बोलत नव्हते, पोराचं टार्गेट भरायचं होतं मला.

ती घाबरली. "उधारीचं कार्ड? नाय गो. व्याजाचं नाव काढलं तरी तो खवळतो."

"वेळेवर भरलंस तर कसलं व्याज? आणि त्याला सांगतंय कोण? तुझ्या नावावर बँकेत ठेव आहे ना, तिच्यावर कार्ड मिळतं. तुझा नंबर दे."

घेतलंन तिनं. कार्डावर स्वतःचं नाव बघून हरखली होती बिचारी. मेसेज आता तिच्याच फोनवर यायला लागले. शरीफभाईचा दुपारचा फोन बंद झाला, रात्रीचा तेवढा राहिला. एकदा दुपारी त्यानं मुद्दाम फोन केला, तेव्हा ती माझ्याकडंच होती.

"दुकानात जात नायस काय?"

"घरात सगळं हाय," जुबेदा म्हणाली. पुढ्यात पाच किलोची तांदळाची पिशवी! मी तोंडाला पदर लावून हसले. हसले मी!

ईदला तो महिनाभराच्या सुट्टीवर यायचा होता. दोन वर्षांनी. पोरगी सहर लग्नाची, तिच्यासाठी एक स्थळ बघायचं होतं. जुबेदानं घराला रंग काढला, नव्या चादरी आणल्या, सगळं नव्या कार्डावर. आणि पहिलं बिल भरायच्या आधीच त्याचा फोन आला: येत नाय. सुट्टी कंपनीला विकली, तिचे पैसे मिळतात, पुढच्या वर्षी बघू. का म्हणून विचारलं तर काय सांगेना. जुबेदा माझ्या दुकानात बसून रडली. मग चिडली. आठ दिवस त्याच्याशी धड बोलली नाय.

ईदच्या तिसऱ्या दिवशी कामावरच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. तिकडंच दफन केलं. शेवटचं तोंडही हिला दिसलं नाय.

दोन महिन्यांनी त्याच्या खोलीत राहणारा जुहेब सुट्टीवर आला, तो शरीफभाईचं सामान घेऊन. मी जुबेदाकडंच बसले होते. जुबेदानं त्याला एवढंच विचारलं, "ईदला का नाय आला रे तो?"

जुहेब खाली मान घालून म्हणाला, "चाची, चाचा रोज दुपारी मोबाईल बघायचे. म्हणायचे, महिना झाला, हिनं दुकानातनं कायच घेतलं नाय. खात्यात पैसे तसेच पडलेत. सहरच्या लग्नासाठी पोटाला चिमटा काढते. विचारलं तर म्हणते, घरात सगळं हाय. ती तिथं उपाशी, आणि मी सुट्टी कशी घेऊ?"

मेली माझी जीभ तेव्हाच झडली असती तर! मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटेल. उपटायलाच हव्या होत्या. मी तोंड उघडलं, "जुबेदा, मीच गो..."

तिनं ऐकलंच नाय. माझा हात घट्ट धरलान.

"बायजा, तूच माल दिलास ना? तुला ठाव हाय. तूप नेलं, खजूर नेले, बासमती नेला. मी उपाशी नव्हते गो. रोज पोटभर जेवत होते. सांग ना त्याला."