पेंटरची कुबडी

पेंटरची उंची बेतास बात. पण पूलच्या, म्हणजे त्या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या, टेबलाशी त्याने ही गोष्ट कधी मनावर घेतली नाही. चांगले उंचेपुरे लोक ज्या बॉलपुढे हात टेकायचे, तिथे हा गडी काहीतरी उलटंसुलटं करून पोचायचाच. पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध जाऊन बसला की हा काठावर अर्धवट टेकायचा, स्टिक पाठीमागून घ्यायचा आणि मान वळवून असा फटका मारायचा की बघणाऱ्याचीच कंबर लचकावी. मध्ये दुसरा बॉल आडवा आला तर स्टिक जवळजवळ उभी धरून वरून टोचायचा. भिंतीमुळे उजव्या हाताला जागा नसेल तर डाव्याने. तेही जमत नसेल तर एकाच हाताने, नुसत्या टेबलाच्या कडेचा आधार घेऊन.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. शिडी जिथे पोचत नाही तिथलं अक्षरही पेंटरलाच रंगवायचं असतं. एका पायावर, एका खिळ्याला धरून, अंग तिरकं करून त्याने आयुष्यभर मोठमोठी अक्षरं काढली. संध्याकाळी पूलच्या हॉलमध्ये आला की तेच अंग टेबलावर वाकायचं, एवढाच काय तो फरक.

फटका मारताना एक पाय जमिनीला लागलेला हवा, हा पूलचा नियम. पेंटरचा जेमतेम अंगठा लागायचा, तोही बुटातून. म्हणून मास्तर खाली वाकून त्याचा बूट तपासायचे. मास्तर म्हणजे शाळेतले कवायतीचे निवृत्त शिक्षक, पेंटरचे रोजचे प्रतिस्पर्धी. कवायत सुटली तसं त्यांचं पोट सुटलं आणि पोट टेबलाला आधी पोचल्यामुळे हात मागेच राहायचे. वाकून झालं की उठताना त्यांना कुणीतरी हात द्यावा लागे, पण तपासणी त्यांनी कधी चुकवली नाही.

लांबच्या बॉलसाठी प्रत्येक हॉलमध्ये एक लांब दांडा असतो. त्याच्या टोकाला पितळेची फणी असते, त्या फणीच्या खाचेत स्टिक टेकवून मारायचं. पेंटरने त्या दांड्याचं नाव ‘कुबडी’ ठेवलं आणि नावावर भागवलं नाही, प्रथाही पाडली. ज्याला कुबडी लागेल त्याने ती कोपऱ्यातून टेबलापर्यंत लंगडत आणायची आणि बाकीच्यांनी शिट्या मारायच्या. मास्तर तर इतकं झकास लंगडायचे की शेजारच्या टेबलावरचे लोक खेळ थांबवून बघायचे. पेंटरने स्वतः मात्र कुबडीला कधी बोटही लावलं नाही.

घर गल्लीच्या पलीकडे, हॉलच्या अगदी समोर. जेवण तयार झालं की बायको खिडकीत उभी राहायची, दोन बोटं तोंडात घालायची आणि एकच शिटी मारायची. चार भावांत वाढलेली बाई, तिची शिटी भिंती भेदून यायची. “पेंटर, वॉरंट आलं!” असा हॉलमध्ये ओरडा व्हायचा आणि हा गडी जिंकत आलेला डावही टाकून घरी जायचा. मित्र त्याची टर उडवायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. घरी आपली वाट बघणारं माणूस आहे याचा त्याला मनातून मोठा अभिमान होता.

मग एका सकाळी, रंग कालवता कालवता, त्याला अर्धांगाचा झटका आला. शिडीवर असताना नाही आला एवढंच नशीब. जीव वाचला. उजवी बाजू शाबूत राहिली, डावा पाय फरफटत का होईना चालू लागला, पण डावा हात मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. बायको रोज त्याची बोटं एकेक करून उघडायची, चोळायची, पुन्हा मिटायची. शिटी बंद झाली. मारायची कुणासाठी? माणूस तर दिवसभर समोरच बसलेला, खिडकीकडे पाठ करून.

“एकदा जाऊन तरी या,” ती एक दिवस म्हणाली.

“कसा जाऊ? स्टिक टेकवायला डावा हात टेबलावर ठरत नाही. प्रत्येक फटक्याला कुबडी लागेल.”

“मग घ्या की. ती कशाला ठेवलीय तिथे?”

“अगं, अख्ख्या हॉलला मी लंगडायला लावलं. आता मीच खराखुरा लंगडा झालोय. हसून हसून जीव घेतील माझा.”

“हसले तर हसले. तुम्ही काय कमी हसलात त्यांना?” मग तिचा आवाज उतरला. “तिकडे बॉल वाजला की तुमचा उजवा कोपर हलतो. पाठ फिरवून बसलात म्हणून मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?”

त्या संध्याकाळी तिने त्याच्या शर्टाची बटणं लावली, बुटाच्या नाड्या बांधल्या आणि दोघं गल्ली ओलांडून गेले. वाटेत तो मनातल्या मनात तयारी करत होता. कोण काय म्हणेल, त्याला काय ऐकवायचं, सगळं जुळवून ठेवलं होतं.

दारात दोघं दिसताच हॉल उभा राहिला. “या, या पेंटरसाहेब,” कुणीतरी म्हणालं. कुणी खुर्ची सरकवली, कुणी पंखा त्याच्याकडे वळवला. मास्तरांनी डाव मांडला, पहिला फटका मारला आणि दुसऱ्याला मुद्दाम चुकले. पेंटरपुढे लहान मुलालाही जमेल असा बॉल ठेवून ते बाजूला झाले.

पेंटर कुबडीसाठी वळला.

“तुम्ही बसा,” मास्तर घाईघाईने म्हणाले. “मी देतो आणून.”

तुम्ही! या माणसाने त्याला आजवर ‘पेंट्या’खेरीज हाक मारली नव्हती. “माझी मी आणतो,” पेंटर म्हणाला आणि कोपऱ्याकडे निघाला. डावा बूट फरशीवर घासत होता आणि अख्ख्या हॉलमध्ये तेवढाच आवाज होता. कुणी स्टिकला खडू लावत होतं, कुणी छताकडे बघत होतं. जुळवून आणलेली उत्तरं तशीच राहिली. हसतील म्हणून तो इतके महिने भीत होता. हसणार नाहीत, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी ही सगळी मंडळी आणि आजारी आपण. कुबडी तिथेच ठेवावी आणि सरळ घर गाठावं, पुन्हा इकडे फिरकू नये, असं त्याला वाटलं. त्याने ती भिंतीला टेकवलीदेखील.

तेवढ्यात शिटी वाजली.

सवयीने तो दाराकडे वळला. जेवायला बोलावलं असं क्षणभर खरंच वाटलं. पण बायको तर इथेच भिंतीशी उभी होती. दोन बोटं अजून ओठांशी होती आणि डोळे भरले होते.

“अहो, हे काय लंगडणं झालं?” ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली. “मास्तर बरे याच्यापेक्षा!”

कुणाचा श्वास वर गेला, कुणाचा खाली. मास्तरांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा पेंटरकडे आणि मग त्यांचं पोट आधी हललं.

“पेंट्या, नखरे पुरे!” ते ओरडले. “कुबडी उचल आणि ये गुमान!”

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. शिट्या, टाळ्या, स्टिका जमिनीवर आपटणं. पेंटरने कुबडी उचलली आणि निघाला. आधीच लंगडत होता, त्यात त्याने पदरचं थोडं आणखी घातलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला मोकळा हात नव्हता, म्हणून पुसलं नाही.

त्याने कुबडी टेबलावर आडवी ठेवली, खाचेत स्टिक टेकवली आणि उजव्या हाताने फटका मारला. बॉल टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या, म्हणजे भोकाच्या, तोंडाशी जाऊन थांबला.

“थांबा! पाय जमिनीवर होता का?” मास्तर म्हणाले आणि पोट सावरत खाली वाकून दोन्ही बूट नीट तपासले. मग कुणाच्या तरी हाताला धरून उठले आणि पेंटरने काठावर आणून ठेवलेला तो बॉल कसलीही दयामाया न दाखवता स्वतःच्या नावावर पॉकेटात घातला.

पेंटरला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.