धनुबाईंचं एका शब्दाचं इंग्रजी

म्हसावदच्या धनुबाई पाटलिणीला इंग्रजीचा एकच शब्द येत होता, आणि तो त्यांनी चौतीस सालच्या माघात दोन दिवसांत शिकून घेतला. कारणही तसंच होतं. नव्या रस्त्याची आखणी करणाऱ्या गोऱ्या इंजिनिअरानं लाल खुंटी नेमकी त्यांच्या खळ्याच्या मधोमध ठोकली होती. खळं गेलं तर वर्षाची मिरची वाळवायची कुठे? नवरा गिरधर पाटील सरकारी माणूस दिसला की पागोटं सावरण्यापलीकडे काही करत नसत. तेव्हा धनुबाईंनीच साहेबाला जेवायला बोलावलं आणि पुतण्या बन्सीलालला पकडलं. हा धुळ्याला इंग्रजी पाचवीत तीन वर्षं मुक्काम ठोकून होता.

"काकू, 'टेक' म्हणजे घे," बन्सीलाल शाळेतली मराठी पाजळत म्हणाला. "पण चहा प्यायचा तरी टेक, खुर्चीवर बसायचं तरी टेक. फोटो काढायचा, गाडी पकडायची, आराम करायचा, सगळं टेकच."

"म्हनजे ह्या लोके बठतस नही, पेतस नही, नुसतं लेतसच का?" धनुबाई म्हणाल्या. "मंग राज बी आसंच लिधं व्हई."

साहेब आला. खापरावरचे मांडे, तूप, वांग्याचं भरीत. आता आपल्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो; वाढणारीनं पहिले दोन नकार ऐकायचेच नसतात. साहेब बिचारा पहिल्यांदाच मनापासून नको म्हणाला. "टेक," धनुबाई म्हणाल्या. त्यानं पानावर हात आडवा धरला, तर मांडा हातावर पडला. पाचव्या मांड्यानंतर साहेबाला घोड्यावर बसणं सोडा, उभंही राहवेना. धनुबाईंनी खळ्याकडेच्या निंबाखालची बाज दाखवली. "टेक."

तो जागा झाला तेव्हा समोर खळं लालभडक झालं होतं. खुंटी ठोकली त्या दिवशी मिरचीचा तोडा यायचा होता, त्यामुळे त्याला ते नुसतं मोकळं मैदान वाटलं होतं. आता वीसेक बाया तिथे मिरची पसरत होत्या. साहेबानं बन्सीलालला दोन गोष्टी विचारल्या, पलीकडच्या पडीक जागेत एक चक्कर मारली, खुंटी स्वतः उपटली आणि धनुबाईंपुढे धरली.

"टेक," तो म्हणाला.

जन्माची सवय जाते कुठे? धनुबाईंनी पदर सावरला आणि लाजून म्हणाल्या, "नको नको, ऱ्हाऊ द्या."

साहेबाला दुसऱ्यांदा विचारायची रीत ठाऊक नव्हती. त्यानं खांदे उडवले आणि खुंटी त्याच भोकात परत रोवायला वाकला. बन्सीलालची शाळेतली मराठी जागच्या जागी गळाली.

"काकू, ली ले वं, ली ले!"

धनुबाईंनी झडप घालून दोन्ही हातांनी खुंटी ओढून घेतली.

रस्ता पडिकातून गेला. खुंटीला त्यांनी म्हैस बांधली. गिरधर पाटील मात्र वर्षभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, साहेबाला आपणच समजावलं म्हणून. धनुबाई आतून सगळं ऐकत आणि तेवढ्यापुरत्या म्हशीशी मोठ्यानं इंग्रजीत बोलू लागत.