समुद्राचा दोस्त

मोबाइल हिंगोलीत नुकते आले होते, त्या दिवाळीत आम्ही नवराबायको गोव्याला गेलो. किनाऱ्यावर बनाना बोटीवर, म्हणजे केळ्याच्या आकाराच्या हवा भरलेल्या रबरी बोटीवर बसणाऱ्यांना लाइफ जॅकेट बांधून देणारा एक माणूस होता. प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून तो रुबाबात म्हणायचा, "घबराना नहीं, समुंदर अपना दोस्त है."

"काहून एवढं आवळून राहिले?" बायको त्याला म्हणाली. त्याचे हात थांबले.

"ताई, तुमी कुठल्या?"

"हिंगोलीच्या."

"व्हय? आमचा तांडा बी तिकडंच, डोंगरकडा गावाजवळ! मग तुमाला एकटं सोडत न्हाई." नको म्हटलं तरी स्वतःही जॅकेट चढवून तो आमच्या मागं बसलाच.

मोटरबोटीनं आम्हाला लांब ओढत नेलं आणि रिवाजाप्रमाणे, गंमत म्हणून, पाण्यात उलथवलं. मी वर आलो तर बायको निवांत तरंगत होती. ती माहेरी, कुरुंद्याच्या विहिरीत पोहून वाढलेली. गाववाला मात्र डोळे मिटून तिच्या दंडाला लटकला होता.

"पवता येत न्हाई?" तिनं विचारलं.

"कधी पाण्यात उतरलोच न्हाई, ताई."

तिनं त्याला बोटीपर्यंत ओढत आणलं. वाळूवर तो बराच वेळ खोकत बसला. मग हळूच म्हणाला, "गावाकडं बोलू नका. तिथं लोकाला वाटतं, मी इथं बुडती माणसं वाचवतो."

"न्हाई बोलत. पण सकाळी या, शिकवते."

तो खरंच आला. कमरेएवढ्या पाण्यात बायको त्याला हात मारायला शिकवत होती आणि मी काठावर चपला राखत होतो. पोहता मलाही येत नाही, पण मला कुणी विचारलं नव्हतं.